मडक्यातला खेकडा आणि श्रीखंडाचा घास

एका जंगलात साळूबाई नावाची साळिंदरीण राहायची. तिला एकुलती एक लेक, टोची. हो, टोचीच! साळिंदराच्या पोरीचं नाव काय मखमल ठेवतात? हसू नका, पुढं ऐका.

टोचीला गोष्टी भारी आवडायच्या. म्हणून साळूबाईनं ठरवलं, पोरीला वाचायची सवय लावायची. लावायची म्हणजे लावायचीच!

तिनं एका खेकड्याचं पुस्तक आणलं. टोचीनं ते हौसेनं उघडलं. “एक खेकडा मडक्यात पडला...”

“थांब! हात धुतलेस? पाठ ताठ कर. आवाज खणखणीत हवा. पुन्हा!”

“एक खेकडा मडक्यात पडला...”

“यातून काय बोध घेतलास?”

आता तुम्हीच सांगा बाळांनो, खेकडा बिचारा नुकता कुठं पडलाय. बोध कुठून येणार? पण साळूबाईला कोण सांगणार!

श्रावण गेला, गणपती गेले. खेकडा आपला मडक्यातच. टोचीला घोर लागला, जिवंत तरी असेल ना तो? पण पुस्तक दिसलं की तिच्या अंगावर काटा यायचा, आणि तिच्याकडे काटे काही कमी नव्हते. ती वारुळामागं लपून बसायची.

मग आला दसरा. साळूबाईनं पुस्तक पाटावर मांडलं, झेंडू वाहिला आणि बजावलं, “आज सरस्वतीची पूजा. पुस्तकाला हात लावायचा नाही. आज वाचायचं नसतं!”

आणि ती श्रीखंड करायला गेली.

आज कुणी वाचायला लावणार नव्हतं! टोचीनं झेंडू बाजूला सारला आणि पालथी पडून, अडखळत, चुकत वाचत सुटली.

चव बघत बघत साळूबाई बाहेर आली. पाहते तर काय! ओरडणार, पण तोंडात हा एवढा घास. “म्ह... म्हं...”

टोची वाचतच होती. “खेकड्यानं मडकं हलवलं, हलवलं...”

घास गिळेपर्यंत मडकं उताराला लागलं होतं. साळूबाईनं फतकल मारली. “अगं बाई! मग? फुटलं का?”

“फुटलं! आई, खेकडा सुटला!” टोचीला आनंदानं रडूच फुटलं. “मला अजून एक पुस्तक आणशील?”

“आणीन की गं. पण आधी सांग, यातून काय बो...”

टोचीनं चटकन श्रीखंडाचा चमचा तिच्या तोंडात घातला.

तात्पर्य : मूल वाचायला बसलं की घरातल्या मोठ्यांना खायला द्यावं. घास मोठा असावा. आणि तात्पर्य सांगणाऱ्यासाठीही एक वाटी बाजूला काढून ठेवावी.