रजेवरचा माणूस

ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. जवळजवळ दीड वर्ष मी आमच्या बिल्डिंगचा जिना चढण्याआधी खाली मीटरच्या पेट्यांपाशी थांबायचो, खिशातून मोबाईल काढायचो आणि ब्लूटूथ बंद करायचो. मग चपला हातात घ्यायच्या आणि दुसरा मजला ओलांडायचा. पन्नाशी उलटलेला, पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये नोकरी करणारा माणूस स्वतःच्याच घरी चोरासारखा चाललाय. याला कारण आप्पा. आप्पा दुसऱ्या मजल्यावर राहतात, मी तिसऱ्या. आणि आप्पांच्या दारामागे मुकादम बसलेला असतो.

मुकादम म्हणजे पत्त्यांच्या कॅटाएवढा, एकाच बोर्डावर मावणारा छोटा कॉम्प्युटर. तो शेंगाचटणीच्या रिकाम्या डब्यात ठेवलेला आहे. डब्याला आप्पांनी खिळ्यानं भोकं पाडली आहेत, आणि उन्हाळ्यात बोर्ड तापला की त्या भोकांतून लसणाचा वास येतो. घरातल्या कोणाचा मोबाईल जवळ आला की मुकादम ओळखतो आणि स्पीकरवरून ओरडतो, "आप्पा आले!" अक्का म्हणजे आप्पांच्या पत्नी. त्यांचा फोन साधा बटणांचा, म्हणून त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्याला बटणाएवढा टॅग अडकवला आहे.

हे सगळं मीच बसवून दिलं. कोणी गळ घातली नव्हती. सोसायटीच्या सत्यनारायणाला प्रसाद खाता खाता फुशारकी मारली, की आता घरात कोण आहे कोण नाही हेसुद्धा कॉम्प्युटर सांगतो. समोर आप्पा बसले होते. त्यांचा शिऱ्याचा घास हातातच राहिला.

"म्हंजे हजेरी घेतो म्हणा की!"

आप्पांचं नाव सिद्रामप्पा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर टाइमकीपरचं काम केलं. कोण आला, किती वाजता आला, कोणाचा खाडा, कोणाची रजा, हे मस्टरमध्ये मांडायचं. कारखाना बंद पडला, माणसं पांगली, आणि आप्पांच्या हाती निळी लाल पेन्सिल तेवढी राहिली. हजेरी घ्यायला घरात फक्त अक्का. अक्का हजेरी देत नसत. टॅगवाल्या किल्ल्या तांदळाच्या डब्यात टाकून शेजारी गप्पा मारायला निघून जात. मुकादमाच्या हिशेबी अक्का घरातच, म्हणून आप्पा दिवसभर त्या तांदळाच्या डब्याला विचारत, "चा करतीस का?"

मग त्यांनी मला यादीत घेतलं. "सर, तुमचा बी मोबाईल घाला की त्यात. दोनच माणसांचं मस्टर बरं दिसत न्हाई ओ." मी घातला. तिथून माझी संध्याकाळ गेली. जिन्यात पाऊल टाकलं की आतून गर्जना, "सर आले!" आणि दार उघडून आप्पा हजर.

"सात पन्नास. काल सात बेचाळीस होते."

"आप्पा, ट्रॅफिक होता."

"आसंल की. मी कुटं पगार कापतोय? बसा. मुकादम जरा अडकतोय."

मुकादम रोज अडकायचा. लाईट गेली की त्याचं मेमरी कार्ड बिघडायचं. पासवर्ड विसरायला नको म्हणून आप्पांनी तो खडूनं दाराच्या बाहेरच्या बाजूला लिहिला होता. एकदा डबा उन्हात फार तापला म्हणून त्यांनी त्याला ओला टॉवेल गुंडाळला. तो बोर्ड मेला. दुसरा मी लॅबमधून आणला, त्याला त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "आधीचा अनुभव किती?"

त्यात 'गेले'चं प्रकरण झालं. सुरुवातीला मी दोनच वाक्यं घातली होती. माणूस जवळ आला की 'आले', आणि लांब जाऊन दहा मिनिटं झाली की 'गेले'. एका सकाळी अक्का भाजीला गेल्या. आप्पा फोन स्पीकरवर टाकून अक्कलकोटला अक्कांच्या भावजयीशी बोलत होते. मागाच्या खडखडाटानं आप्पांचे कान अर्धे गेलेले. मागून मुकादम ठणकावून म्हणाला, "अक्का गेल्या!" आप्पांना ते ऐकू आलं नाही, भावजयीला आलं.

ती किंचाळली, "कवा?"

त्याच वेळी नळाचं पाणी बंद झालं होतं, आणि आप्पांचं सगळं लक्ष तिकडं. ते म्हणाले, "आत्ताच गेलं की. आता चार दिस वाट बघायची."

दोन तासांनी अक्कलकोटहून जीप भरून माणसं आली. भावजय खालच्या मजल्यापासून गळा काढत वर आली. दार अक्कांनी उघडलं, हातात मेथीची जुडी. भावजयीला सुरू केलेलं रडणं थांबवता येईना, म्हणून तिनं ते अक्कांच्याच गळ्यात पडून पूर्ण केलं. अकरा माणसं भाकरी खाऊन गेली, आणि पुढचे चार दिवस पाणी नव्हतं.

अक्का मला म्हणाल्या, "सर, माझ्या मरणाचा सैपाक मलाच करायला लावला ओ तुमच्या डब्यानं."

आप्पा गंभीर होते. "सर, ते 'गेले' काढा त्यातनं. घरातनं निघताना आपण जातो म्हंतो का? येतो म्हंतो. आमच्या कानडीत बी तेच, होगि बर्तीनि. जाऊन येतो. मग मुकादमानं बी तसंच म्हणावं."

तेव्हापासून कोणी बाहेर पडलं, की दहा मिनिटांनी मुकादम रिकाम्या खोलीला सांगतो, "अक्का येते म्हणाल्या." "सर येतो म्हणाले."

हे सगळं ऐकायला गमतीचं वाटतं. रोज अनुभवून बघा. दिवसभर पोरांचे प्रिंटर दुरुस्त करून आलेल्या माणसाला जिन्यात सात पन्नास ऐकायचं नसतं. शेवटी मी ब्लूटूथ बंद करायला लागलो. आठवड्याभरानं आप्पांनी गाठलंच.

"सर, मुकादमाला तुमी दिसतच न्हाई."

मी सरळ खोटं बोललो. "मोबाईलला नवीन अपडेट आलंय आप्पा. त्यात असं होतं."

"आपडेट म्हंजे?"

"म्हणजे... आता असंच."

आप्पा माझ्याकडं बघत राहिले. मग मान डोलावली. "बरं. म्हंजे रजाच म्हणा की."

रजेबद्दल आप्पांचा एक नियम होता. तो त्यांनी मला निदान वीस वेळा ऐकवला असेल. कारखान्यात एकदा मोठी ऑर्डर अडली, माग दुरुस्त करणारा रजेवर. मालक म्हणाला, त्याला बोलावून आण, आत्ताच कोपऱ्यावरच्या पानटपरीवर दिसला. आप्पांनी नकार दिला. "मी सांगितलं मालकाला, रजेवरचा माणूस गावात न्हाईच आसं समजायचं. पानटपरीवर दिसला तरी दिसला न्हाई." एवढं सांगून आप्पा दर वेळी मांडीवर थाप मारत, आणि मी दर वेळी घड्याळ बघत असे.

ती संध्याकाळ मार्चमधली. बायको बार्शीला बहिणीकडं गेली होती. मी चपला हातात घेऊन वर आलो, टीव्ही लावला, मॅच चालू होती. साडेसातच्या सुमाराला खाली काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग आप्पांचा आवाज, नेहमीपेक्षा मोठा. काय म्हणाले ते कळलं नाही. मला वाटलं, मुकादम अडकला असणार.

मी रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज कमी केला. मी घरात आहे हे खाली कळू नये म्हणून.

जिन्यात प्लास्टिकची खुर्ची घासल्याचा आवाज येत होता. वॉचमन "हळू, हळू" म्हणत होता. एकदा काहीतरी आपटलं. मग सगळं शांत. दहा मिनिटांनी खालच्या बंद घरातून मुकादम ओरडला, "अक्का येते म्हणाल्या. आप्पा येतो म्हणाले."

मला बरं वाटलं. गेले एकदाचे बाहेर, म्हणून मी आवाज पुन्हा वाढवला.

सकाळी वॉचमननं सांगितलं. अक्का न्हाणीघरात घसरल्या. सत्तरीचे आप्पा आणि साठीचा वॉचमन, दोघांनी खुर्चीवर बसवून दोन मजले खाली नेलं. पहिल्या मजल्याच्या वळणावर आप्पांचा हात सुटला आणि खुर्ची कठड्यावर आपटली. खुब्याचं हाड मोडलं होतं. ते न्हाणीघरात मोडलं की जिन्यात, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. अक्का आता वॉकर धरून मोरीपर्यंत जातात, तेवढंच. 'येते म्हणाल्या' मुकादमानं त्यानंतर दोनदाच म्हटलंय, दोन्ही वेळा दवाखान्यासाठी.

महिना उलटल्यावर मी खाली गेलो. आप्पा दाराशी खुर्ची टाकून, अनवाणी पाय शहाबादी फरशीवर टेकून बसले होते. मांडीवर जुनं मस्टर. मुकादम आला तरी त्यांनी वही सोडलेली नाही हे मला तेव्हाच कळलं. माझ्या नावापुढं दीड वर्षाचे रकाने भरलेले होते. मला वाटलं लाल खाडे असतील. सगळीकडं निळा 'र' होता. रजा. आणि प्रत्येक 'र'च्या खाली पेन्सिलीचा बारीक ठिपका.

"हा ठिपका कसला आप्पा?"

"पाय." त्यांनी फरशीवर तळवा आपटून दाखवला. "कान गेले माझे, पाय शाबूत हायेत. माग बंद पडला की आदी पायाला कळायचं. तुमी जिना चडला की हितं कळतं. चपला हातात घेतल्या की तर लईच कळतं ओ, टाच जोरात पडती तुमची."

मी पान उलटून ती तारीख शोधली. निळा 'र'. खाली ठिपका.

"मग त्या दिवशी हाक का नाही मारलीत?"

आप्पांनी मस्टर मिटलं. मांडीवर थाप मारली नाही. "तुमी रजेवर होता की, सर."

आतून अक्कांचा आवाज आला, "सर आलेत का? चा टाका ओ, मला उटता येत न्हाई." आप्पा उठले. मी "येतो" म्हणालो आणि वर निघून आलो.

आता मी ब्लूटूथ चालू ठेवतो. जिन्यात आलो की मुकादम ओरडतो, "सर आले!" दार उघडत नाही. आप्पा आत अक्कांचे पाय शेकत असतात.

हजेरीच्या वेळी नाव पुकारलं की माणसानं स्वतःच्या तोंडानं 'हजर' म्हणायचं असतं, मस्टरमधल्या ठिपक्यानं ते भागत नाही. त्या संध्याकाळी मी घरात होतो, आणि मी आवाज कमी केला, हे मी आप्पांना अजून सांगितलेलं नाही. अक्कांनाही नाही. तेवढं एक 'हजर' मी त्या घराचं देणं लागतो.