न ऐकलेल्या रेकॉर्डींवरचं माझं मत

गाण्यातलं मला कळतं! हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो, फक्त आता आवाज जरा खाली ठेवून. एकोणऐंशी साली मात्र सानगडीत माझ्या मताला वजन होतं. नागपूरच्या जुन्या बाजारातून आणलेल्या अकरा लाँगप्ले रेकॉर्डी माझ्या ट्रंकेत होत्या. कुठलीत जीव आहे आणि कुठलीत नुसता ठणठणाट, हे मी पानठेल्यावर उभ्या उभ्या ठरवून टाकत असे. "दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं ऐका, बाकी सोडा!" म्हटलं की लोक माना डोलवत. अडचण एकच होती. रेकॉर्ड वाजवायचं यंत्र माझ्याकडे नव्हतं. मी मतं देत होतो ती कव्हरं पाहून! पण यंत्र गावात एकट्या देवाजी लाऊडस्पीकरवाल्याकडे होतं आणि तो सदा परगावच्या लग्नांत, त्यामुळे विचारणार कोण?

ही कीर्ती शहापूरच्या लक्ष्मणरावांपर्यंत पोचली. त्यांची लेक चंद्रकला मी मावसभावाच्या लग्नात पाहिली होती आणि तेव्हापासून मला अन्न गोड लागत नव्हतं. लक्ष्मणरावांची अट मात्र भलतीच. जावई गाणं समजणारा हवा! तीन पोरं त्यांनी याच कारणावरून नापास केली होती.

एका रविवारी सकाळी ते रेकॉर्ड प्लेअर धोतरात गुंडाळून एसटीतून उतरले. पोहे झाले, चहा झाला. मग त्यांनी एक बशीएवढी रेकॉर्ड काढली. वरचं नाव घासून गेलं होतं.

"प्लेअरसंगं फुकट भेटली. कोन्या सिनेमाची हाये, तेवढं सांगा."

सुई टेकली. विहिरीत तोंड घालून कोणी कण्हावं, तसा आवाज आला. शब्द एक कळेना! मी हळूच लक्ष्मणरावांकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी! झालं, माझं मत तयार.

"वळखलं! भंडाऱ्याले तीनदा पाह्यला हा सिनेमा. हिरोइन मरते ना मामाजी, तवाचं गानं हाये!"

सासऱ्याला म्हणायचं 'मामाजी' आपोआप निसटलं.

"मरते?" लक्ष्मणराव गहिवरले.

"टीबीनं. मांगं दोन लहान लेकरं. टॉकीजमधी एक डोळा कोरडा नाई राह्यला!"

दाराआड उभी असलेली माझी आई, सत्यभामाबाई, हे ऐकून मुसमुसू लागली. "लेकराइचं कोन पाह्यते आता?" म्हणत तिने चक्क हंबरडा फोडला. लक्ष्मणरावांनी माझा हात घट्ट धरला.

"सात वर्सं या गान्यावर एकटाच रडून राह्यलो, बाप्पा! आज सोबती भेटला. आना सुपारी!"

सुपारी फुटली! चंद्रकला माझी झाली! मला नाचावंसं वाटत होतं, पण गाणं दुःखाचं होतं म्हणून बसून राहिलो.

इकडे शेजारच्या कुंताबाईने आईचा आवाज ऐकला. आमचे आजोबा, आबाजी, ओसरीवर डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपले होते. कुंताबाईने बाहेरूनच ते पाहिलं.

"मायवं! आबाजी गेले वं!"

पाच मिनिटांत आंगण भरलं. देवाजी लाऊडस्पीकरवाला भोंगे बांधायचे दोन बांबू खांद्यावर टाकून तिरडीसाठी धावत आला. एवढ्यात आबाजी उठून बसले.

"कोन गेलं रे?"

कुंताबाई किंचाळून मागच्या मागे बसली. आई डोळे पुसत म्हणाली, "सिनेमातली बाई वं, कुंता!"

देवाजीने वैतागून बांबू टाकले. मग त्याचं लक्ष प्लेअरकडे गेलं; तिथे तेच गाणं दुसऱ्यांदा कण्हत होतं.

"पाव्हने, ही लहान रेकॉर्ड पंचेचाळीसच्या स्पीडवर वाजते. खटका तेहतीसवर काहून ठेवला?"

त्याने खटका सरकवला आणि कण्हणारं गाणं एकदम उड्या मारू लागलं! व्याह्याच्या धोतरात कोंबडं शिरल्याचं गाणं होतं ते! मधूनमधून शिट्ट्या, कोंबड्याची बांग. मौतीला आलेली पोरं नाचायला लागली.

"हा तं हसाचा सिनेमा हाये," देवाजी म्हणाला. "मी पाह्यला ना! कोनी मरत नाई याच्यात. ते कोंबडं बी नाई मरत!"

लक्ष्मणरावांचे कान लाल झाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी फुटलेल्या सुपारीकडे. गेली चंद्रकला! ते मला भाताच्या तणसाच्या ढिगामागे घेऊन गेले.

"भोजराजबाबू, तुमी हा सिनेमा पाह्यलाच नाई."

"नाई," मी कबूल केलं.

त्यांनी इकडेतिकडे पाहून विचारलं, "मी सात वर्सं कोंबड्यापायी रडलो, हे शहापुरात समजलं तं?"

"मी कायले सांगतो, मामाजी?"

"मंग सुपारी कायम!"

लग्न झालं. चौथ्या दिवशी चंद्रकलेने ट्रंक उघडली. अकरा रेकॉर्डी पाहिल्या आणि घरभर यंत्र शोधलं. मग माझ्यासमोर येऊन बसली. खटक्याची बातमी तर त्या रविवारीच शहापुरात लक्ष्मणरावांच्याही आधी पोचली होती!

"खटक्याचं मले प्लेअर घरी आला त्या दिवसापासून ठाऊक होतं," ती म्हणाली.

"मंग बाबाले सांगतलं काहून नाई?"

"बाबा रडाले बसले का घरात घडीभर शांती राहे. हसाचं गानं लागलं असतं तं सोताच गायले असते!"

मी मोठ्याने हसलो. ती हसली नाही.

"आता तुमी सांगा. तीनदा पाह्यला ना सिनेमा? ती बाई इंटरवलच्या आंधी मेली का मांगून?"

पुढे आम्ही प्लेअर घेतला, पण तेव्हापासून आमच्या घरी गाण्यावरची मतं चंद्रकला देते. मी खटका सांभाळतो.