परकारभाईंच्या माश्या

आमच्या फ्रीजरमध्ये बर्फाच्या ट्रेशेजारी एक डबा असतो. त्यावर लाल अक्षरांत लिहिलंय, ‘खाऊ नये’. आत मेलेल्या माश्या.

सौदीतल्या यान्बूला मी एका इस्पितळात एक्स-रे काढतो आणि तीन वर्षं परकारभाईंबरोबर एका फ्लॅटमध्ये राहतो. ते रत्नागिरीकडचे, पन्नाशीचे. डोंगरात कोणती रानटी जनावरं उरली आहेत हे शोधणाऱ्या एका प्रकल्पाच्या लॅबमध्ये नोकरीला. जनावर मात्र बघायचं नाही. माशी लेंडीवर बसते, मढ्यावर बसते, आणि त्या जनावराचा डीएनए तिच्या पोटात जातो. परकारभाई माशी वाटून तो काढतात. “जनावर लपतं,” ते म्हणतात, “माशी चहाडी करते.”

इथवर माझी तक्रार नव्हती. तक्रार होती आमिषाची.

“मटण लावलं तर माशीच्या पोटात बकरीच निघणार. म्हणून मासा. त्याचा डीएनए आपल्या हिशेबात येत नाही.” मग दर मंगळवारी बाजारात जाऊन, कल्ले उघडून, वास घेऊन, ताजे फडफडीत बांगडे आणायचे. आणि डोंगरातल्या सापळ्यांना लावण्याआधी आमच्या गॅलरीत उन्हात ठेवायचे. यान्बूच्या उन्हात.

“सडवायचेच आहेत, तर ताजे कशाला?” मी एकदा विचारलं.

“शिळा मासा घ्यायची आमच्या घरात रीत नाही.”

एवढं करून निकाल काय? बकरी, बकरी, उंट, बकरी. एकदा माणूस निघाला. मी घाबरून विचारलं, कोण? “मीच. हातमोजा फाटला होता.”

शेवटी साहेबांनी सांगितलं, ज्या खोऱ्यात सापळे लावता तिथे काही नाही, ते सोडून द्या. ऑफिसची गाडी बंद झाली. परकारभाईंना गाडी येत नाही.

“शुक्रवारी तुला काय काम, सावंत?”

“झोप.”

“म्हणजे मोकळाच आहेस. यल्ला, चल.”

बांगडे माझ्या डिकीत गेले. तो वास अजून आहे. खोऱ्यात इद्रीस नावाचा सुदानचा एक म्हातारा बकऱ्या राखतो. त्याने आम्हाला चहा दिला. परकारभाई भर उन्हात बाटल्यांचे सापळे टांगत होते, तेवढ्यात तो मला मोडक्या हिंदीत म्हणाला, हिवाळ्यात माझी दोन करडं गेली. लांडगा दिसला तर सोडणार नाही. परतताना मी ते परकारभाईंना सांगितलं.

दहा दिवसांनी परकारभाई लॅबमधून आले आणि बूट न काढताच खुर्चीवर बसले.

“लांडगा निघाला.”

“कुत्रा नसेल कशावरून?”

“दोनदा तपासलं.”

मला वाटलं, आता पेढे वाटतील. साहेबांनी ते खोरं पुन्हा यादीत घेतलं होतं. पण ते वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले. मग म्हणाले, “इद्रीसला कळलं तर?”

“सांगायचंच कशाला?”

“आज ना उद्या दिसेलच त्याला.”

पुढच्या शुक्रवारी ते मला न विचारता गाडीत जाऊन बसले. मागच्या सीटवर तारेच्या जाळीची भेंडोळी होती. माझं सीट कव्हर फाटलं, पण माझं ऐकतो कोण?

इद्रीसच्या बकऱ्यांचं कुंपण म्हणजे कंबरेएवढे काटेकुटे. परकारभाईंनी त्याला आपल्या अरबीत सरळ सांगितलं, इथे लांडगा आहे, म्हणून जाळी आणली. तो आत शिरणार नाही. तुम्ही त्याला मारू नका. म्हाताऱ्याने जाळीची तार बोटाने ओढून बघितली. मग उठला आणि त्याने जाळीचं दुसरं टोक धरलं.

दुपार टळेपर्यंत आम्ही तिघं तार आवळत होतो. परतताना परकारभाईंच्या दोन्ही हातांवर ओरखडे होते. माझं डोकं फिरलेलंच होतं.

“एका लांडग्यासाठी एवढं?”

ते खिडकीबाहेर बघत होते. “तिथल्या दीडशे माश्या वाटल्या, सावंत. एकीच्याच पोटात निघाला. एकटाच असेल.”

बऱ्याच वेळाने, मी काही न विचारताच, त्यांनी सांगितलं की दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको वारली. गावाला पोचेपर्यंत दफन झालं होतं. तेव्हा ते आठ दिवस सुट्टीवर गेले होते, ते मला आठवत होतं. परत आल्यावर गॅलरीतल्या वासावरून मी त्यांच्याशी भांडलो होतो, तेही आठवलं.

मी गाडी जरा हळू केली.