सीट चार बोटं खाली

मी सायकल विकत घेतली नाही, बनवली. हे वाक्य मी गेल्या वर्षभरात इतक्या लोकांना ऐकवलंय, की उस्मानपुऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगमधली माणसं मला जिन्यात बघून आधीच मान डोलवायला लागायची. वाळूजच्या एका कंपनीत मी मेन्टेनन्सला आहे. तेवीस वर्षं दुसऱ्यांनी बिघडवलेली मशीनं दुरुस्त करतोय. म्हटलं, एकदा स्वतःसाठी काहीतरी जोडावं. फ्रेम एकीकडून आणली, फोर्क दुसरीकडून, चाकं तर मी एकेक तार ओवून स्वतः बांधली. सहा महिने लागले. "डोंगरात चालणारी सायकल आहे," मी सांगायचो, "वाटेत दगड आला तर दगडानं बाजूला व्हायचं."

नोव्हेंबरात सायकल तयार झाली आणि त्याच सकाळी काकासाहेब थोरात पार्किंगमध्ये हजर झाले. हे आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. वैजापूरच्या तहसील कचेरीतून निवृत्त झाले, पण त्यांची कार्यक्रम घ्यायची हौस काही निवृत्त झाली नाही. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात दोन लिंबं.

"चाकाखाली ठिवा, मगरे. नव्या गाडीची पूजा झालीच पायजे."

आमच्या घरी आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून लिंबू नाही, पूजा नाही. काकासाहेबांना हे चांगलं माहीत आहे. दर चौदा एप्रिलला आमच्याकडची खीर ते दोन वाट्या खातात. पण नवं वाहन दिसलं की त्यांचा हात आपोआप नारळाकडे जातो.

"काका, आमच्यात नसतं ते."

"आरं, व्हय की. इसरलोच." त्यांनी लिंबं खिशात टाकली. "लिंबाचं सरबत व्हईल. नारळाचं काय करू? घरातून काढलेला नारळ मघारी न्यायचा नसतो."

त्यांचा चेहरा इतका पडला की मला राहवलं नाही. इथंच माझी जीभ घसरली.

"असं करा काका. मी सायकलवर वेरूळला जाऊन येतो. आलो की सत्कार करा आणि तेव्हा नारळ द्या. सत्काराचा नारळ आम्हाला चालतो."

काकासाहेब खुलले. नारळ त्यांनी पार्किंगमधल्या मीटरच्या पेटीवर ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. प्रत्येकाला सांगायला लागले, "मगरे वेरूळला निघालेत. आपला सत्कार ठरलाय."

आता खरं सांगतो. सायकल जोडून झाली आणि माझा सगळा उत्साह संपला. नट आवळायचे बाकी होते तोवर मला झोप लागत नव्हती. शेवटचा नट आवळला आणि इतकी छान झोप लागायला लागली, की विशेषतः रविवारी सकाळी ती मोडणं हा मला अन्याय वाटायचा. पहिल्या रविवारी गारठा होता. दुसऱ्या रविवारी वारं उलटं होतं. म्हणजे, असणार असं मला अंथरुणातच वाटलं. सायकलवर मी चांगलं जाड कापड घातलं आणि दुपारी ते काढून तिच्याकडे बघत बसायला लागलो. बघायला ती फारच सुंदर होती.

तिसऱ्या आठवड्यात मात्र मला खरंखुरं कारण सापडलं. सीट खाली गेलं होतं.

मी माझ्या उंचीला बरोबर लावलेलं सीट चार बोटं खाली बसलं होतं. मी वर केलं, क्लॅम्प आवळला. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार बोटं खाली. क्लॅम्प बदलला. पुन्हा खाली. थंड पेयाचा डबा कापून त्याचा पत्रा दांड्याभोवती गुंडाळला. खाली. शेवटी दांड्यावर पांढऱ्या रंगाची रेघ मारली. सकाळी बघतो तर रेघ आत गडप.

मला चेव आला. आमच्या कंपनीत बिघाड सापडला नाही की 'का' असं पाच वेळा विचारायची पद्धत आहे. मी कॅलेंडरच्या पाठीमागे तक्ता काढला. सीट खाली का जातं? दांडा घसरतो. दांडा का घसरतो? पकड कमी. पकड कमी का? असं करत करत मी थेट शहरातल्या हवेच्या तापमानापर्यंत पोहोचलो.

"लोखंड रात्री आखडतं," मी बायकोला समजावलं. सुलेखा पेरू कापत होती. त्या दिवसांत आमच्याकडे रोज पेरू असायचे, गोड आणि ताजे.

"आखडत असेल," ती म्हणाली. "मीठ लावू का तिखट?"

दर शनिवारी ती मला एकच प्रश्न विचारायची. "उद्या तुम्ही जाताय का? नक्की सांगा."

मला ते टोमण्यासारखं लागायचं. "या सीटवर कसा जाऊ? घाटात खाली बसलं म्हणजे?"

"बरं," ती म्हणायची आणि गुणगुणत कामाला लागायची. नवऱ्याची अडचण इतक्या आनंदानं ऐकणारी बायको मी पहिल्यांदाच बघत होतो. माझी दुसरी पाळी, घरी येईपर्यंत बारा वाजतात, म्हणून मी उठायचो नऊला, रविवारी तर अकराला. ती भल्या पहाटे फिरायला म्हणून बाहेर पडायची आणि मी उठेपर्यंत तिची आंघोळ, स्वयंपाक सगळं उरकलेलं असायचं. तब्येतही सुधारली होती. मी म्हटलं, पेरू मानवले.

असे सात रविवार गेले. एके दिवशी काकासाहेबांनी मीटरच्या पेटीवरचा नारळ उचलून कानाशी हलवला.

"मगरे, यातलं पानी आटाया लागलंय."

"काका, सीटचा प्रॉब्लेम..."

"येत्या आइतवारी साडेअकराला सत्कार. खुर्च्या सांगितल्यात. नाय म्हनू नका."

दुसऱ्या दिवशी गेटवर फ्लेक्स लागला. 'वेरूळ सायकल मोहीम यशस्वी केल्याबद्दल श्री. संघपाल मगरे यांचा भव्य सत्कार.' माझा आधार कार्डावरचा चेहरा कुठल्या तरी पिळदार परदेशी माणसाच्या धडावर बसवलेला. मोहीम अजून व्हायची होती. भाजीवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. आता नाही गेलो, तर त्या फ्लेक्सखालून रोज ड्युटीला जायचं होतं. मला बिल्डिंग बदलावी लागली असती.

रविवारी सुलेखानंच मला पाचला उठवून चहा दिला.

"घाट सुरू व्हायच्या आधीच गिअर हलका करा. चढावर बदललात तर चेन उतरते."

व्हिडिओ बघून मला शिकवते. मी खाली जाऊन आधी सीट वर केलं. अर्थातच ते खाली होतं.

छावणीपर्यंत मी राजासारखा गेलो. मिटमिट्याला मला घरची आठवण आली. दौलताबादचा किल्ला दिसायला लागला तेव्हा माझ्या मांड्या माझ्या राहिल्या नव्हत्या, आणि खरा घाट तर त्याच्या पुढे. शेवटचा अर्धा मैल मी सायकल ढकलत नेली. घाटाच्या पायथ्याशी पेरूच्या पाट्या मांडून बायका बसल्या होत्या आणि बाजूला एक रिकामा टेम्पो उभा होता. खुलताबादला चालला होता. मला मार्ग दिसला. घाट टेम्पोत चढायचा, वरून वेरूळपर्यंत उतार, लेण्यांसमोर एक फोटो, आणि परत. इतिहासात टेम्पो कुणी लिहीत नाही.

ड्रायव्हर हो म्हणाला. मी पुढचं चाक टेम्पोत टाकलं, आणि मागचं चाक कुणीतरी धरलं.

"थांब. ही सायकल कुठं निघालीस घिऊन?"

साठीची पेरूवाली होती. नाव गोजरबाई, हे नंतर कळलं. पकड मात्र तेव्हाच कळली.

"मावशी, माझी सायकल आहे."

"तुजी? ही आमच्या ताईची हाय. रोज सकाळी हितं येती, पेरू घेती. मी काय वळखत नाय व्हय?"

"मी स्वतः बनवलीय ही. एकेक तार माझ्या हातची..."

"मंग बसून दाखीव. ताई सपासप घाट चढून जाती. तू ढकलत आनलीस ते मी लांबून बघितलंय. चोराला कुठली चालवाया येती?"

बाकीच्या पेरूवाल्या उठल्या. ड्रायव्हरनं हळूच टेम्पोची किल्ली खिशात घातली. मी हेल्मेट काढून चेहरा दाखवला, त्याचा काही उपयोग झाला नाही. तेवीस वर्षं इमानदारीत नोकरी केली आणि आज स्वतःचीच सायकल चोरताना पकडला गेलो. मला रडू यायचं बाकी होतं.

गोजरबाईनं फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. "ताई, तुमची सायकल चोरीला गेली का? एक मानूस सापडलाय हितं."

पलीकडून आवाज आला तो मी एकवीस वर्षं रोज ऐकतोय.

"कसा आहे दिसायला?"

"जाडसर हाय. घामानं निथळलाय."

"हेल्मेट निळं आहे का?"

"व्हय."

"सायकलवर बसलाय का?"

"नाय. टेम्पोत टाकत होता."

"मग माझे मिस्टरच आहेत ते. बसवून ठेवा, मी येते."

गोजरबाईनं मला पाटीशेजारी बसवलं आणि एक पेरू दिला. तो पेरू मी ओळखला. माझ्याच घरातला. मी महिनाभर 'का' हे शंभर वेळा विचारलं होतं, 'कोण' हे एकदाही विचारलं नव्हतं.

"वेरूळलाही जाते का ती?" मी बारीक आवाजात विचारलं.

"चार आइतवार जाऊन आल्या. येताना हितं च्या पेत्यात."

पाऊण तासानं काकासाहेबांची गाडी आली. सुलेखा त्यांच्याबरोबर खुर्च्या मांडत होती, त्यामुळे त्यांनीही फोन ऐकला होता. सुलेखा उतरली, खांद्यावरच्या पिशवीतून माझाच पाना काढला आणि माझ्या डोळ्यांदेखत सीट चार बोटं खाली केलं. दोन सेकंद लागले. माझा पत्र्याचा तुकडा तिनं काढून माझ्या हातात दिला.

"हा रोज टोचायचा मला."

"सांगायचं तरी होतंस."

"शाळेला मी नऊ किलोमीटर आमच्या दादांच्या सायकलवर जायची, हे मी लग्नात सांगितलं होतं. तुम्हाला लक्षात नाही." ती सीटवर हात फिरवत होती. "नवीकोरी सायकल आणि नुसती कापडाखाली. मला बघवेना हो. आणि तुम्ही त्या सीटवर इतकं मन लावून काम करत होता. म्हटलं, कशाला अडथळा आणायचा?"

मला खूप राग आला होता. तो कुणावर काढायचा हे मात्र ठरेना. ती सायकलवर बसली आणि निघून गेली. मी काकासाहेबांच्या गाडीत मागे बसलो. छावणीच्या चौकात आम्ही अडकलो तेव्हा ती शेजारून पुढे गेली. मागचं चाक जराही डुलत नव्हतं. चाक मी फार सरळ बांधलं होतं, एवढं तरी मला बरं वाटलं.

सत्कार साडेअकरालाच झाला. फ्लेक्सवरच्या माझ्या तोंडावर काकासाहेबांनी सुलेखाचा फोटो चिकटवला. पिळदार धड तेच राहिलं. शाल तिला, नारळ तिला. भाषणात काकासाहेब म्हणाले, "मगरेंनी सायकल बनवली, ताईंनी चालवली. याला म्हनत्यात संसार." टाळ्या झाल्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पिशवीतून दुसरा नारळ काढला. हा ताजा होता, हलवल्यावर खळखळला.

"मगरे, तुमचा बी सत्कार राहिला नाय पायजे. कवा जाताय वेरूळला?"

चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. "पुढच्या रविवारी," मी म्हणालो.

"रविवारी सायकल मोकळी नसते," सुलेखा शालीची घडी करत म्हणाली.

इतकं भक्कम कारण मला सात आठवड्यांत एकदाही सुचलं नव्हतं.