गुलाबचंदशेठचं पीक

"माह्या जमिनीत डिझेलचा एक थेंब जरी निघाला," गुलाबचंदशेठनं यादोरावच्या चहाटपरीच्या बाकड्यावर हात आपटला, "तर बाजाराच्या दिवशी डोक्यावर पितळेचा गुंड घेऊन, भर बाजारातून, तुह्या घरी पाणी भरीन! लागली शर्त!"

"लागली ना जी," सुलोचनाबाई म्हणाली. "चुंबळ माही घेजा. जुन्या लुगड्याची हाये, टोचत नाही."

"अन् नाही निघाला तर?"

"तुमीच सांगा."

"तर माह्या भूमिपूजनाले साऱ्यांसमोर तुह्या विहिरीचं गिलासभर पाणी प्यायचं. अन् पिऊन म्हणायचं, गोड हाये!"

टपरीवरच्या माणसांनी एकदम कपबश्या खाली ठेवल्या. सुलोचनाबाईच्या विहिरीचं पाणी अख्ख्या गोरेगावला ठाऊक होतं. त्यात एखाद्या ट्रकनं सचैल स्नान केल्यासारखा वास यायचा. म्हशीसुद्धा बादलीत तोंड घालून मालकाकडे बघायच्या, की बाबा, आमचं काही चुकलं का?

"पिईन," सुलोचनाबाई म्हणाली. "पण पिण्याची पाळी नाही येत."

गोष्ट साधी होती. शेठचा डिझेलपंप बंद पडून बरीच वर्षं झाली होती, पण जमिनीखालची टाकी तशीच गाडलेली होती. पंपाच्या भिंतीला लागून सुलोचनाबाईचं आंगण, आणि आंगणात विहीर. घरात विहीर असून बाई बाजारापलीकडच्या हातपंपावरून पाणी आणायची. गुंड वाहून वाहून टाळूवरचे केस पातळ झाले होते. तक्रार केली की शेठचं ठरलेलं उत्तर, "वास पाण्याले नाही बाई, तुह्या नाकाले हाये. डॉक्टरले दाखव."

आता शेठला तिथं कॉम्प्लेक्स बांधायचं होतं. खाली दुकानं, वर लॉज. आणि बँकेनं अट घातली होती, पंपाची जागा आहे, आधी माती तपासा, मग कर्जाचं बोला. त्यासाठी नागपूरहून एक मॅडम येणार होत्या.

शेठ काही कच्चा खेळाडू नव्हता. मॅडम आपण दाखवू तिथलीच माती घेणार, असं त्यानं स्वतःच ठरवून टाकलं आणि दुधरामला बोलावलं. दुधराम पंपाच्या काळापासूनचा चौकीदार. सांगितलेलं काम त्यानं कधी चुकवलं नाही, आणि न सांगितलेलं कधी केलं नाही.

"पाच जागी गुडघाभर गड्डे खोद," शेठ म्हणाला. "तिथली माती फेक. साफ माती भर."

"साफ माती कुठची आणू जी?"

"अबे, कुठचीबी आण! जिथं धान होते तिथची आण! अन् रोज पाणी मारजो. माती बसली पाहिजे. नवी वाटली नाही पाहिजे, समझा?"

"समजलं."

शेठ निर्धास्त मनानं रायपूरला साळ्याच्या लग्नाला निघून गेला. दुधरामला सगळ्यात जवळची माती म्हणजे स्वतःच्या खळ्याची. तिथंच तर दरसाल धान झोडलं जायचं. बैलगाडी भरून माती आली, गड्डे भरले गेले, आणि एप्रिलच्या भर उन्हात दुधराम सकाळ-संध्याकाळ झारीनं पाणी मारू लागला.

एका सकाळी सुलोचनाबाई कपडे वाळत घालताना भिंतीवरून डोकावली आणि तिच्या हातातलं लुगडं खाली पडलं. तेल पिऊन काळ्या पडलेल्या त्या मैदानात वर्षानुवर्षं गवताची काडी उगवली नव्हती. आता तिथं पाच चौकोन हिरवेगार झाले होते. कॅरम बोर्डाएवढे, नेटके, लुसलुशीत.

"दुधराम! हे काय करून राहिला गा?"

"मातीले पाणी मारून राहिलो."

"अन् हे हिरवं?"

दुधरामनं वाकून पाहिलं. "धान दिसते. खळ्यावर सांडलं असन, ते मातीसंगं आलं."

"शेठले सांगितलं?"

"शेठनं पाणी माराले सांगितलं. उगवलं तर सांगजो, असं नाही सांगितलं."

सुलोचनाबाई इतकी हसली, की शेजारची सुशीलाबाई लाटणं घेऊनच धावत आली. सगळं ऐकल्यावर सुशीलाबाई म्हणाली, "मंग बोंब मार ना वो! साऱ्या गावाले दाखव!"

"बोंब मारली तर खबर रायपूरले जाईन, अन् शेठ उपटून टाकीन. होऊ दे वो मोठं. चांगलं पीक हाये."

पण एप्रिलमध्ये गावात दुसरं हिरवं काही उरलंच नव्हतं. दुपारपर्यंत बातमी बकऱ्यांना लागली. पंपाच्या तुटक्या फाटकातून एकेक दाढी आत शिरायला लागली. सुलोचनाबाईनं छत्री घेतली, हातात तुराटी घेतली आणि शेठच्या मैदानात बाज टाकून बसली.

येणारेजाणारे विचारायचे, "कोणाचं पीक राखून राहिली बाई?"

"शेठचं. तो गावाले गेला ना. शेजाऱ्यानं नाही पाहायचं तर कोणं पाहायचं बाप्पा?"

नंतर तर यादोरावची टपरी तिला बाजेवरच चहा पोचवायला लागली. एका बकऱ्यानं फाटकाखालून घुसायचा प्रयत्न केला, तर दुधरामही तुराटी घेऊन धावला. हे काम त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याच्या नोकरीतली ही पहिलीच वेळ.

मॅडम आल्या त्याच सकाळी शेठ रायपूरहून परतला. लग्नातली टोपी अजून डोक्यावरच होती. दीप्ती मॅडम तरुण होत्या, कमी बोलायच्या. त्यांच्या जीपमधून लांब दांड्याचं पोलादी गिरमिट उतरलं.

"आइये मॅडम, आइये," शेठ फाटक ढकलत म्हणाला. "धूप भोत हाये, तुमाले तरास नको, म्हणून कुठची माती घ्यायची त्या जागा मी आधीच तयार—"

समोर पाच हिरवे चौकोन वाऱ्यावर डुलत होते. बाजूला बाजेवर सुलोचनाबाई छत्री घेऊन बसली होती.

"या जी शेठ. लगन झालं चांगलं? पीक पाहा तुमचं. एक पान बकरीले खाऊ नाही दिलं."

मॅडम एका चौकोनाजवळ बसल्या, मग उठून सगळं मैदान फिरून आल्या. "शेठजी, एवढ्या जागेत पाचच ठिकाणी धान उगवलं. तेही चौकोनी. बाकी एक तणही नाही. असं कसं?"

"भूमी पवित्र हाये मॅडम," शेठ घाम पुसत म्हणाला. "देवाची करणी. इथूनच घ्या माती."

"नाही जी," दुधराम अभिमानानं पुढं आला. "माह्या खळ्याची माती हाये. रोज पाणी मारलं. एक दिवस खाडा नाही."

शेठनं त्याच्याकडे असं पाहिलं, की उगवलेलं धान करपलं असतं.

दोन चौकोनांच्या मधली काळी जागा मॅडमनी ड्रायव्हरला पायानं दाखवली. गिरमिट फिरत फिरत खोल गेलं. वर आलं तेव्हा त्याला चकचकीत काळा चिखल लागला होता, आणि रस्त्यापलीकडून यादोराव ओरडला, "अबे, कोणाचा स्टोव्ह सांडला रे?"

"हा वास डिझेलचा नाही," शेठनं शेवटचा प्रयत्न केला. "जमिनीचा वास असतो कधी कधी—"

"शेठजी," सुलोचनाबाई बाज उचलत म्हणाली, "वास जमिनीले नाही. तुमच्या नाकाले हाये. डॉक्टरले दाखवा."

प्रयोगशाळेनंही तेच सांगितलं, जरा सभ्य भाषेत. बँकेनं कळवलं, टाकी काढा, तेलकट माती काढा, शेजारची विहीर उपसून साफ करून द्या, मग कर्जाचं बघू. सुलोचनाबाईनं ते पत्र शेठला मोठ्यानं पुन्हा वाचायला लावलं. विहिरीचं वाक्य दोनदा.

बाजाराच्या दिवशी शेठला नेमकं नागपूरला काम निघालं. पण दार उघडलं तर ओट्यावर सुलोचनाबाई उभी. एका हातात घासून लखलखीत केलेला गुंड, दुसऱ्या हातात चुंबळ.

"दुधराम नेईन गुंड," शेठ पुटपुटला.

"मले पाणी माराचं हाये जी," दुधराम झारी उचलून निघूनसुद्धा गेला.

मग गोरेगावनं जे पाहिलं, ते अजून सांगितलं जातं. टोपी काढून चुंबळ, चुंबळीवर हातपंपावरून भरलेला गुंड, आणि खाली गुलाबचंदशेठ. मिरचीवाल्या बाया उठून उभ्या राहिल्या. सुकटवाल्यानं तराजू खाली ठेवला. "मान सरळ ठेवा शेठ!" "कमरेले हात लावा!" "पाय घसरन जी, हळू!" प्रत्येक वळणावर थोडं पाणी शेठच्या सदऱ्यात जात होतं, आणि पुढं सुलोचनाबाई वाट करत चालली होती, "सरका वो, सरका! पाणी आलं माहं!"

आंगणात गुंड उतरला तेव्हा शेठ विहिरीच्या काठावर मटकन बसला. ओठ कोरडे, श्वास वर. मागून अर्धा बाजार आत शिरलेला.

सुलोचनाबाईनं गिलासभर पाणी त्याच्यापुढं धरलं. "घ्या जी, थकले असान."

शेठनं हात पुढं केला, आणि मध्येच थांबवला. त्यानं विहिरीकडं पाहिलं, मग गिलासाकडं पाहिलं, आणि सगळ्यांदेखत हळूच विचारलं, "बाई... हे कुठचं हाये?"

अख्खं आंगण हसलं. सुलोचनाबाई मात्र हसली नाही.

"तुमीच आणलेलं हाये, बिनधास्त प्या," ती म्हणाली. "पण मंग गुंड कमी भरन. तेवढी एक खेप अजून मारून द्या."