शेरा मारून संबंधितांकडे

सुदामनाना पेपर वाचत नाहीत, निकाली काढतात.

धडगावला जीप स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. खालून घाट चढून येणाऱ्या पहिल्या जीपमध्ये पेपरचा गठ्ठा असतो, आणि ड्रायव्हर तो माझ्या काउंटरवर टाकून जातो. जीप कधी दहाला येते, कधी बाराला, आणि टायर बसला तर लोकांची जेवणं झाल्यावर. एवढी वर्षं इथे काढूनही नानांना हे पटलेलं नाही. नऊ वाजल्यापासून ते स्टँडच्या टोकापर्यंत जातात, घाटाकडे बघतात, परत येतात आणि मला विचारतात, "उनी का?" आलेली असती तर एवढी मोठी जीप मला दिसली नसती का? पण हे त्यांना सांगून उपयोग नाही. पाच मिनिटांनी पुन्हा हजर. तोवर मी कुणाच्या तरी जातीच्या दाखल्याच्या चार प्रती काढत असते, त्यातली एक हमखास उलटी निघते आणि गिऱ्हाईक माझ्याकडे संशयाने बघतं.

मोबाईलवर सकाळीच सगळं कळतं हो नाना, असं मी एकदा म्हणून बघितलं. त्यांचा ठरलेला प्रश्न आला, "छापेल शे का?" छापलेलं नसेल ते त्यांच्या लेखी घडलेलंच नसतं. एका पावसाळ्यात घाटात दरड कोसळली, सगळं धडगाव तेच बोलत होतं, आणि नाना त्याच दरडीमागे अडकलेल्या पेपरची वाट बघत मला विचारत होते की दरडीचं कुठे छापून आलंय का.

नानांचा जन्म गेला सरकारी कचेरीत, आवक-जावकच्या टेबलावर. आलेल्या कागदाची नोंद करायची, साहेबाचा शेरा घ्यायचा, पुढे धाडायचा. निवृत्त झाल्यावर कागद यायचे थांबले, पण हात थांबेना. मग पेपर हीच त्यांची आवक झाली. काउंटरला टेकून, एक पाय सारखा हलवत, ते पहिल्या पानापासून सुरू होतात आणि प्रत्येक बातमीच्या समासात शेरा मारतात. परदेशातल्या लढाईवर, 'उभय पक्षांचा खुलासा मागवावा.' नदीवर पूल मंजूर झाल्याच्या बातमीवर, 'यापूर्वीही मंजूर. मागील पत्रव्यवहार पाहावा.' हवामानाच्या अंदाजावर, 'स्मरणपत्र द्यावे.' सिनेमातल्या कुणाचं लग्न ठरलं तर, 'माहितीस्तव.' राशिभविष्यही सुटत नाही. एकदा त्यांच्या राशीला 'घरात शांतता नांदेल' असं आलं होतं. एकट्या राहणाऱ्या नानांनी त्यावर लिहिलं, 'वस्तुस्थिती बरोबर. कारणे नमूद नाहीत.'

अग्रलेखाचं प्रकरण वेगळं. तो वाचताना नाना चालू लागतात. दुकानापासून चहाच्या टपरीपर्यंत आणि टपरीपासून परत, पेपर तोंडासमोर धरून. दोनदा बकरीला अडखळले आहेत. संपादकाचं म्हणणं पटलं तर 'सहमत', न पटलं तर पूर्ण समास भरून विरोध. आणि रोज सगळ्यात शेवटी, पहिल्या पानाच्या डोक्यावर एकच शेरा, 'संबंधितांकडे अग्रेषित.' मग त्या पानांची झेरॉक्स, तिला ते कार्यालयीन प्रत म्हणतात, आणि मूळ पेपर दुपारच्या परतीच्या जीपमध्ये.

हे संबंधित कोण, ते मला जीपच्या ड्रायव्हरने सांगितलं. नानांचा धाकटा भाऊ भिकन, धानोऱ्याचा. तिकडे केळी-कापूस बघतो. धानोऱ्याच्या घराच्या अंगणात एक निंब होता. नवं घर बांधताना भिकनभाऊंनी तो नानांना न विचारता तोडला. तेव्हापासून नऊ वर्षं दोघे एकमेकांशी बोललेले नाहीत, नाना धानोऱ्याला गेलेले नाहीत. तोडल्यानंतर महिनाभराने वृक्षतोडीवर एक अग्रलेख आला. त्यावर 'संबंधितांनी बोध घ्यावा' असं लिहून नानांनी तो पेपर खाली पाठवला. जीपने शहाद्याला, एसटीने नंदुरबारला, तिथून दूधवाल्याच्या हाती धानोऱ्याला. चौथ्या दिवशी तो परत आला. नानांच्या शेऱ्याखाली गिचमिड अक्षरात लिहिलं होतं, 'निंब घरवर पडता तं बोध कोन लेता?'

झालं. तिथून जी जुंपली ती जुंपली. नाना 'सहमत' म्हणाले की भिकनभाऊ 'नही.' नाना 'नही' म्हणाले की भिकनभाऊ 'बराबर शे.' कापसाच्या भावापासून चंद्रावरच्या यानापर्यंत दोघांचं एकदाही जुळलं नाही. एका बातमीवर नानांनी शेतकऱ्यांना चार सल्ले दिले होते, त्याखाली उत्तर होतं, 'शेरा देनाराने कधी नांगर धरेल शे का?' ते वाचून नाना इतके चिडले की झेरॉक्स काढायची विसरून गेले. हे सगळं चार दिवसांच्या शिळ्या बातम्यांवर. मी तर नानांना तोंडावर म्हटलं होतं, दोन म्हाताऱ्यांना दुसरा उद्योग नाही.

मग यंदा हिवाळ्यात एक पेपर कोरा परत आला.

नानांच्या शेऱ्यांखाली काहीच नव्हतं. नानांनी चारी कोपरे बघितले, पान उजेडाला धरलं, जाहिरातींवरही शोधलं. दुसरा आला, तोही कोरा. तिसरा आला तेव्हा नानांचं स्टँडवरचं चालणं दुप्पट झालं होतं. कचेरीच्या नियमाप्रमाणे मुदतीत हरकत आली नाही की संमती धरायची. मी चेष्टेने म्हटलं, नाना, तुम्ही जिंकलात, संबंधितांनी सगळं मान्य केलं.

ते हसले नाहीत. "भिकन मान्य करस?" ते म्हणाले. "पोरी, काहीतरी बिघडेल शे."

फोन करा म्हटलं तर करेनात. नऊ वर्षांची अढी, ती काय फोनच्या बटणाने सुटणार? दोन दिवस ते माझ्या दुकानासमोरून तसेच फेऱ्या मारत राहिले. पेपर आला तरी उघडला नाही, बगलेत धरून चालत होते. शेवटी माझंच डोकं फिरलं. ड्रायव्हरकडून नंबर मिळवला आणि धानोऱ्याला लावला. भिकनभाऊंच्या बायकोने, सुमनबाईंनी उचलला. भिकनभाऊंच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणलं होतं, पण माणूस भिंतीकडे तोंड करून पडून होता. डॉक्टर म्हणाले होते, बोलायचा प्रयत्न त्यानेच करायला हवा, आणि तो करत नव्हता. मग पेपर कोण परत पाठवत होतं, असं मी विचारलं. "मीच," त्या म्हणाल्या. "नही धाडता तं जेठजी वाट पाहतीन."

मी हे नानांना सांगितलं. त्यांनी छापेल शे का म्हणून विचारलं नाही. घरी जाऊन टोपी घातली आणि पुढच्या जीपमध्ये बसले. मला टोनर आणायला नंदुरबारला जायचंच होतं, असं मी माझ्या नवऱ्याला सांगितलं, आणि त्यांच्याबरोबर निघाले. घाटभर नाना ड्रायव्हरला विचारत होते, अजून किती राहिलं. ज्या रस्त्यावरून रोज त्यांचा पेपर यायचा, त्याची वळणं नऊ वर्षांत ते विसरून गेले होते.

धानोऱ्याला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. सुमनबाईंनी पदर पुढे ओढला आणि, जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, सरळ बोलायचं नाही म्हणून, मला सांगितलं की खोलीत चला म्हणावं. भिकनभाऊ खाटेवर होते. नानांना बघून त्यांनी डोळे मिटले आणि तोंड भिंतीकडे वळवलं. मला वाटलं, संपलं. एवढ्या लांब येऊन हे काही बोलायचे नाहीत आणि ते काही बघायचे नाहीत. नाना दारापासून खिडकीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. तब्येत विचारली नाही, हात धरला नाही. बगलेतला पेपर उघडला आणि अग्रलेख मोठ्याने वाचू लागले.

खेड्यातल्या कमी पटाच्या शाळा बंद करू नयेत, असा तो अग्रलेख होता. वाचून झाल्यावर नाना म्हणाले, "मन्हं मत, बंद कराले पाहिजेत. खेडाना पोरे शिकीसन काय करतीन?"

मी चमकून बघितलं. याच विषयावर नानांनी मागच्या महिन्यात दोन समास भरून शाळांची बाजू मांडली होती, झेरॉक्स मीच काढली होती. भिकनभाऊंचे डोळे उघडले. नानांनी दुसरी बातमी घेतली. केळीचा भाव पडला होता. नाना म्हणाले, चूक शेतकऱ्याचीच आहे, त्यांना माल विकता येत नाही. भिकनभाऊंचं तोंड भिंतीकडून अर्धं वळलं. तिसरी बातमी कालव्याच्या पाण्याची. पाणी आधी कारखान्याला द्यावं, शेताला उरलं तर द्यावं, असं नाना म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांचा स्वतःचाच आवाज घाबरल्यासारखा झाला. जन्मभर ज्या ज्या गोष्टीच्या विरुद्ध लिहिलं, त्या सगळ्या ते एकामागून एक मान्य करत सुटले होते.

भिकनभाऊंचा डावा हात पांघरुणाबाहेर आला. तो हवेत हलला, आडवा, दोनदा. ओठ वाकडे झाले, मान ताठ झाली, चेहरा लाल झाला. नाना थांबले नाहीत. "आनि शेतकरीले फुकट पानी कसाले?" त्यांनी विचारलं.

"न्... नही," भिकनभाऊ म्हणाले.

सुमनबाई पिठाच्या हाताने दारात येऊन उभ्या राहिल्या. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी कुठे गेले नाही.

नानांनी पेपर एकदम तोंडासमोर धरला.

"पुढली बातमी," ते म्हणाले, आणि बराच वेळ त्यांना ती वाचता येईना.