इंगळे काकांची निळी डबी

रोज संध्याकाळी साडेसहाला आमच्या भिंतीपलीकडे गिटारची एक तार वाजते. एकच. मग एक दणदणीत आवाज मोजायला लागतो, "एक… दोन… तीन…" आठ-नऊपर्यंत गाडी जाते आणि तोच आवाज जाहीर करतो, "मेला!"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी अनवाणी शेजारी पळाले होते. दार इंगळे काकांनीच उघडलं. अंगात बनियन, गळ्यात लाल इलेक्ट्रिक गिटार.

"कोण गेलं हो?" मी विचारलं.

"सूर," ते म्हणाले. "नवावरच गेला. बारापर्यंत जगाले पाह्यजे."

आता बोला!

इंगळे काका बुलढाण्याच्या कोर्टात पट्टेवाले होते. पक्षकारांच्या नावाचा पुकारा करायचं काम त्यांच्याकडे. 'अमुक अमुक हाजीर हो!' असं ते व्हरांड्यातून ओरडले की टपरीवर बसलेला पक्षकार अर्धा चहा टाकून धावायचा, आणि ज्यांची त्या दिवशी तारीखच नाही असे दोघेतिघेही धावायचे. हे ते स्वतःच सांगतात. तरुणपणी ते नांदुऱ्याच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे, लग्नाच्या सीझनमध्ये. नोकरी लागली, गिटार माळ्यावर गेली. रिटायर झाले, गिटार खाली आली आणि माझी शांतता गेली. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. साडेसहा ही माझी पेपर तपासायची वेळ. पाचाच्या लायकीच्या एका निबंधाला मी भिंतीपलीकडचं ऐकत ऐकत नऊ देऊन बसले, आणि ती मुलगी अजून मला वाकून नमस्कार करते.

मग एक दिवस त्यांच्याकडे पार्सल आलं. साबणाच्या डबीएवढी निळी लोखंडी डबी. वर फिरवायची तीन बटणं, खाली पायानं दाबायची कळ. नाव म्हणे कॉम्प्रेसर. गिटारची वायर डबीत आणि डबीची वायर स्पीकरात.

"आयका मॅडम," काका म्हणाले. "तार छेडली का पयले ढांगकन आवाज येते अन् मंग तो मरत जाते. हे डबी त्या ढांगले दाबते अन् मरनाऱ्याले उचलते. मोठा लहान होते, लहान मोठा होते. म्हनून सूर जास्त टिकते."

"ही आधी तुमच्याच गळ्यात बसवा," मी म्हटलं.

ते हसले. "तेबी खरं हाये."

डबी आली आणि सूर दहावर गेला, अकरावर गेला. पण ही डबी लहान आवाज उचलते म्हणजे कोणताही उचलते, त्यांच्या ट्यूबलाइटची घरघरसुद्धा. मला तर एकदा भिंतीपलीकडून हुकूम आला, "मॅडम, मिक्सर बंद करा! माह्या सुरात चटनी येऊन राह्यली!" मी मिक्सर मुद्दाम आणखी दोन मिनिटं चालवला. सांगायला लाज कशाची?

हळूहळू काकांनी सगळं जगच त्या डबीत घातलं. भाजी तिखट झाली की "याले डबीतून काढा." लग्नात कोणी मामा फार गरजायला लागला की "याले डबीतून काढा." मी मुलींवर ओरडल्याचं कानावर गेलं, तर मलाही तोच सल्ला. तीन बटणांचा संसार करावा तर यांनीच.

काकांच्या घरात दुसरं माणूस म्हणजे त्यांची बायको, सुमनकाकू. कॉलनीच्या महिला भजनी मंडळात पुढचं गाणं त्यांचंच असायचं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या थायरॉइडचं ऑपरेशन झालं. काकू बऱ्या झाल्या, आवाज तेवढा झाला नाही. कानाशी बोलल्यासारखा बारीक राहिला. गुरुवारच्या भजनाला त्या मागे बसून टाळ वाजवू लागल्या. भाजीवाल्याला चिठ्ठी द्यायच्या. काकांना हाक मारायची तर स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायच्या. आम्हा सगळ्यांना त्याची सवय झाली. वाईट वाटायचं, पण सवय झाली हेच खरं.

सव्वीस जानेवारीला आमच्या कॉलनीत झेंडावंदनानंतर छोटा कार्यक्रम असतो. गेल्या वर्षी काकांनी डबीची तिन्ही बटणं पूर्ण फिरवली होती आणि पाहुण्यांच्या भाषणात स्पीकरनं अशी शिट्टी मारली की पाहुणे मुद्दा सोडून खाली बसले, आणि काकांची वाजवायची पाळी आलीच नाही. कमिटीनं काकांवर बंदी घातली. यंदा मीच भांडले. "पाच मिनिटं द्या माणसाला, काही झालं तर मी जबाबदार," असं भर मीटिंगमध्ये बोलून बसले.

काकांना सांगितलं तर त्यांचे डोळे भरले. "चाळीस वर्षांनी लोकांपुढं वाजवीन मॅडम. बारा मोजून दाखवतो." मग म्हणाले, "माह्या मांगून भजनी मंडळ ठेवा."

आणि दुसऱ्या दिवसापासून भिंत गप्प! तार नाही, मोजणं नाही. नुसती स्पीकरची बारीक सूं सूं आणि मधूनच काकांचं "पुन्हा." मध्ये एकदा ते बसनं नांदुऱ्यालाही जाऊन आले, म्हणे वायर जोडून आणायची होती. माझा जीव टांगणीला. मी दार ठोठावलं.

"सराव का बंद आहे?"

"सुरू हाये मॅडम," दार अर्धंच उघडून ते म्हणाले. "तुम्ही टेन्शन नका घेऊ."

सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं. लहान मुलांची गाणी झाली. काका इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले, गिटारची वायर सरळ स्पीकरात खुपसली आणि तार छेडली. ढांग! एक, दोन, तीन, चार… संपलं. मागच्या रांगेतून कॉलनीतलाच कोणी टोणगा ओरडला, "मेला बे!" सगळे हसले. काकांनी भराभर धून आवरली आणि गिटार खुर्चीवर ठेवली. माझं डोकं फिरलं. यांच्यासाठी मी कमिटीशी वैर घेतलं होतं!

मी तरातरा त्यांच्याकडे गेले. "डबी कुठाय?"

त्यांनी बोट दाखवलं. डबी भजनी मंडळाच्या सतरंजीवर होती. माइकची वायर तिच्यात शिरत होती, आणि माइकसमोर, सगळ्यात पुढे, सुमनकाकू बसल्या होत्या.

"मग तुमचं झाल्यावर न्यायची होती ना इकडे!"

"बटनं हलली असती," काका म्हणाले. "पंधरा दिवस लागले तिच्या आवाजाले लावाले." बघते तर प्रत्येक बटणावर काकूंच्या नेलपॉलिशनं खूण केलेली. "गिटारले वेगळं लागते. माह्यासाठी फिरवलं अन् पुन्हा नेमकं नाही बसलं, मंग?"

काका डबीजवळ उकिडवे बसले आणि काकूंनी गायला सुरुवात केली. आवाज बारीकच होता, पण पार गेटपर्यंत स्वच्छ पोचला. सूं सूं होती, काकूंच्या बांगड्याही ऐकू येत होत्या, पण एक शब्द सांडला नाही. मघाचा तो टोणगासुद्धा टाळ्या वाजवू लागला. काका बोटांवर मोजत होते. काकूंचा सूर चालूच होता, पण पाचावर त्यांची बोटं थांबली, ती पुढे गेलीच नाहीत. मी पदर डोळ्यांना लावला. कोणी पाहिलं असेल तर पाहू दे.

सतरंज्या गोळा करताना मी विचारलं, "आधी सांगितलं का नाही? मी सगळ्यांना सांगितलं असतं."

काका पहिल्यांदाच माझ्याशी हळू बोलले. "साऱ्या जन्मभर घरात मीच पुकारा केला मॅडम. तिचा आवाज चांगला होता तवा मी कधी गप बसून आयकलाच नाही. गुरुवारी तिचं भजन असे, अन् मी घरी बसून म्हनो, जेवन कवा भेटते. आता कोनत्या तोंडानं सांगू?"

त्या संध्याकाळी साडेसहाला मी पेपर घेऊन बसले. तार वाजली नाही. पेलाही वाजला नाही. आधी सूं सूं झालं आणि मग भिंतीपलीकडून स्पीकरवर काकूंचा आवाज आला, "अहो, चहा झाला."

आणि ज्याच्या पुकाऱ्यानं टपरीवरचे कप खाली ठेवले जायचे, तो माणूस मला जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू म्हणाला, "हाजीर हाये."